कडू कारीट, गोड चिक्की

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपले की तुळशीपाशी उभे राहून डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडावयाचे आणि त्याचा रस बोटाने जिभेला लावावयाचा, असा आमच्या घरचा रिवाज आहे. हल्ली वृंदावनाच्या जागी गॅलरीतली कुंडी आली, तरी कारीट चुकलेले नाही. ते किती कडू असते, हे ज्याने चाखले त्यालाच ठाऊक! लहानपणी आम्ही ते तोंड वेडेवाकडे करीत पण निमूटपणे चाखत असू. कारण त्यानंतर लगेच फराळाचे ताट पुढे येई. आधी कडू, मग गोड, असा तो क्रम. गेल्या दिवाळीपासून मात्र कारिटाची चव जिभेवर आली की मला लोणावळ्यातला दातांचा एक दवाखाना आठवतो.

नेहमीच्या अंकात संपादकमहाराज या सदराला दीड रकाना देतात, आणि एखादी जाहिरात ऐनवेळी आली की त्याचाही एकच होतो. दिवाळी अंकात हात जरा मोकळा सुटतो. तेव्हा ही हकिगत सविस्तर सांगतो. वाचकांनी फराळाची बशी दूर सारावी असा आग्रह नाही. पण तिच्यात चिक्कीचा तुकडा असेल तर तो निदान लेख संपेपर्यंत तरी ठेवून द्यावा.

गेल्या वर्षी आम्ही दिवाळीला लोणावळ्यास आत्याकडे गेलो होतो. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची सर्वांत धाकटी बहीण. वय बहात्तर, शाळामास्तरीण म्हणून निवृत्त, आवाज अजून वर्गात पोचेल असा. शिवाजीनगरहून लोकल पकडली, तळेगाव-वडगाव मागे टाकले, कामशेत सोडल्यावर गारवा जाणवू लागला आणि मळवलीला कार्ल्या-भाज्याचे डोंगर दिसताच धाकट्या चिरंजिवांनी घोषणा केली, "आता चिक्की!" चिरंजिवांचे वय वर्षे आठ. लोणावळे हे गाव, भुशी धरण आणि आत्याआजी या सर्वांचे त्याच्या लेखी एकच प्रयोजन, आणि ते म्हणजे चिक्की.

त्याला तरी काय दोष द्यावा? बोरघाटातून १८६३ मध्ये आगगाडी धावू लागली आणि लोणावळे हे येणाऱ्याजाणाऱ्याचे गाव झाले. गूळ आणि शेंगदाणे यांची साधी गुडदाणी प्रवाशांच्या हाती पडली, तिची चिक्की झाली आणि आज लोणावळ्याहून रिकाम्या हाताने परतणारा माणूस नातेवाइकांच्या मनातून उतरतो. आम्ही स्टेशनावर उतरून घरी पोचेपर्यंत अर्धा पुडा संपला होता.

पाडव्याच्या रात्री चिरंजीव गालावर हात धरून रडू लागले. दाढेत चिक्कीचा कण अडकला होता. टॉर्च घेऊन पाहिले तर खालच्या दाढेला काळे भोक. सौ. म्हणाली, "दुधाची दाढ आहे, पडून जाईल."

"दुधाची नव्हे हो!" आत्या म्हणाली. "सहाव्या वर्षी येते ती ही. जन्माची सोबतीण."

आत्याचे म्हणणे तंतोतंत खरे होते. दुधाच्या दाढांच्या मागे, कोणताही दात न पडता, सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली कायमची दाढ गुपचूप उगवते. दात पडलेला दिसत नाही, म्हणून आईबापांना वाटते की तीही दुधाचीच. तिच्याकडे दुर्लक्ष होते, ती किडते, आणि गेली की पुन्हा येत नाही. ज्यांच्या घरी सहा ते आठ वर्षांचे मूल आहे त्यांनी आज रात्रीच त्याला आ करावयास लावून शेवटची दाढ पाहावी.

आत्याने लवंग ठेचून दाढेत धरली. घटकाभरात रडे थांबले. लवंगेच्या तेलात युजेनॉल नावाचे द्रव्य असते; ते वेदना बधिर करते आणि जंतूंनाही थोडे आवरते. दंतवैद्य आपल्या औषधांत ते फार दिवसांपासून वापरीत आले आहेत. मात्र लवंगेने दुखणे झोपते, भोक बुजत नाही. शिवाय निव्वळ लवंगतेल कापसाने चेपले तर हिरडी भाजून निघते. तेव्हा हा उपाय रात्र काढण्यापुरताच. दाढेतली 'कीड' रिंगणीच्या बियांची धुरी देऊन काढतो म्हणणारे लोक गावोगाव असत, पण दातात अळी नसतेच. असते ते डोळ्यांना न दिसणारे जंतू.

हे जंतू पहिल्यांदा पाहिले एका कापडवाल्याने. हॉलंडातल्या लेव्हनहुक या गृहस्थाने स्वतः घासलेल्या भिंगातून आपल्याच दातांवरचे कीटण पाहिले आणि त्यात वळवळणारे जीव दिसल्याचे १६८३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीस लिहून कळविले. पुढे बर्लिनमध्ये काम करणाऱ्या मिलर या अमेरिकन दंतवैद्याने १८९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडले की, तोंडातले जंतू आपण खाल्लेली साखर खातात, तिचे आम्ल करतात आणि ते आम्ल दात विरघळविते. त्यातला मुख्य आरोपी पकडला लंडनच्या क्लार्कने, १९२४ मध्ये. किडलेल्या दातातून त्याने वेगळा काढलेला हा जंतू कधी गोल तर कधी लांबट दिसे, म्हणून त्याचे नाव ठेवले स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स. हा साखरेपासून नुसते आम्लच करीत नाही, तर एक चिकट खळही बनवितो आणि तिच्या आधाराने दाताला चिकटून बसतो. आपण ज्याला कीटण म्हणतो ते म्हणजे या खळीत बांधलेली जंतूंची चाळच.

आता चिक्कीकडे वळू. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच कीटणातले आम्ल वाढते आणि लाळेने ते पुन्हा निवळावयास अर्धा ते एक तास लागतो, असे अमेरिकेतल्या स्टीफनने १९४० च्या दशकात मोजून दाखविले. याचा अर्थ असा की, चार तुकडे एकदम खाल्ले तर दात तासभर आम्लात. पण तेच चार तुकडे दोन-दोन तासांनी खाल्ले तर दात दिवसभर आम्लात. याहून कठोर पुरावा स्वीडनचा. तिथे लुंड गावच्या व्हिपहोल्म या संस्थेत मनोदुर्बल रुग्णांना १९४५ नंतर काही वर्षे निरनिराळ्या प्रकारे साखर खाऊ घालून त्यांचे दात तपासले गेले. जेवणाबरोबर साखर खाणाऱ्यांचे दात त्या मानाने बरे राहिले. जेवणांच्या मधे चिकट टॉफी खाणाऱ्यांचे भराभर किडले. ज्यांना नाही म्हणता येत नव्हते अशा माणसांवर केलेला हा प्रयोग आज सर्वत्र निंद्य मानला जातो आणि ते योग्यच आहे. पण त्यांनी भोगले त्यातून स्वीडनची मुले मात्र एक रीत शिकली : खाऊ फक्त शनिवारी, एकदाच. साखरेऐवजी गुळाची चिक्की घेतली म्हणून जंतूला फसविता येत नाही. त्याला दोन्ही सारखीच गोड.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. दवाखाने बंद. सकाळी आत्याबरोबर बाजारात गेलो तर एक कातकरी मावशी सरपणाची मोळी आणि दातणांच्या जुड्या घेऊन बसलेल्या. आत्याने एक जुडी घेतली.

"कशाची गं?"

"करंजाची हायेत, बाई."

मी विचारले, "मावशी, खैराची नाहीत का?"

त्या हसल्या. "खैर कुठला आता? आमच्या आज्याच्या वक्ताला व्हता. तो काथ पाडायचा."

काथ पाडणे म्हणजे काय, हे पुष्कळ वाचकांना माहीत नसेल. खैराच्या खोडाचा तांबडा गाभा कुऱ्हाडीने बारीक चिरावयाचा, मडक्यांतून पाण्यात उकळावयाचा, पाणी आटवून दाट करावयाचे आणि थंड करून वड्या पाडावयाच्या. विड्याला लाल रंग येतो तो या काथाने. हा धंदा करणारे ते कातकरी किंवा काथोडी. त्यांचे नावच काथावरून पडले. घाटाखालच्या रायगड-ठाण्यात आणि घाटमाथ्यावरच्या मावळ-मुळशीत ही मंडळी राहतात. इंग्रजांनी जंगल राखीव केले, १८७८ चा कायदा आला आणि खैरावर कुऱ्हाड चालविणे गुन्हा ठरला. काथ गेला, नाव उरले. पुढे कोळसा पाडणे, वीटभट्टीवर राबणे हेच त्यांच्या वाट्यास आले.

घरी आल्यावर आत्याने कपाटातून एक पुस्तक काढले. लोणावळ्याच्या कैवल्यधामाने १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेली घेरंडसंहिता. आत्या काही वर्षे तिथे योगासनांना जात असे. तिने बोट ठेवून दाखविले : हठयोगाच्या या जुन्या ग्रंथात शरीरशुद्धीच्या क्रियांत दंतधौती सांगितली आहे आणि दातांची मुळे खैराच्या रसाने किंवा स्वच्छ मातीने, मळ निघून जाईपर्यंत, रोज सकाळी घासावीत असे म्हटले आहे. सुश्रुताने तर दातणांची प्रतवारीच लावली आहे. कडू झाडांत निंब उत्तम, तुरटांत खैर, तिखटांत करंज, गोडांत मोह.

"बघ," आत्या म्हणाली, "हजार वर्षांपूर्वी ठाऊक होते आपल्याला."

मी म्हणालो, "आत्या, ठाऊक होते की वाटत होते, हे तपासायला नको का?"

हा प्रश्न माझा नव्हे, लोणावळ्याचाच आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये, म्हणजे क्लार्कने लंडनमध्ये तो जंतू पकडला त्याच वर्षी, कैवल्यधाम स्थापिले आणि 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केले. जुन्या योगक्रिया क्ष-किरणांनी आणि यंत्रांनी मोजून पाहाव्यात, टिकेल ते ठेवावे, हा त्यांचा बाणा. परंपरेचा अभिमान आणि प्रयोगशाळेची कसोटी यांत त्यांना विरोध दिसला नाही. दातणाला आणि मंजनालाही हाच न्याय लावावयास हवा.

तो लावला गेलाही आहे. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांतल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागांत हा प्रयोग आज विद्यार्थीदेखील करतात. काचेच्या झाकणाच्या बशीत समुद्रशेवाळापासून केलेली खीर थापतात, तिच्यावर दातातले जंतू पसरतात, मधे लहान भोके पाडून एकात कडुनिंबाचा अर्क, एकात खैराचा, एकात लवंगेचा असे थेंब सोडतात आणि बशी उबेत ठेवतात. दुसऱ्या दिवशी सगळी बशी जंतूंनी धुरकटलेली असते, पण गुणकारी अर्काभोवती काचेसारखे स्वच्छ वर्तुळ राहते. ते पट्टीने मोजावयाचे. अर्क मद्यार्कात काढला असेल तर एका भोकात नुसता मद्यार्कही ठेवावा लागतो, नाहीतर झाडाचे श्रेय दारूला किंवा दारूचे झाडाला जाण्याची भीती!

कडुनिंब, बाभूळ, खैर, हिरडा, लवंग यांच्या अर्कांभोवती अशी वर्तुळे उमटल्याचे अनेक ठिकाणच्या प्रयोगांत दिसले आहे. त्याचे एक कारण म्हणजे तुरटपणा. तुरट द्रव्ये जंतूंच्या प्रथिनांना आवळतात आणि जंतूची चिकट खळ तयार होण्यात अडथळा आणतात. यात एक मौजेची गोष्ट आहे. चहातल्या ज्या कॅटेचिन द्रव्यांचे गुणगान आपण हल्ली ऐकतो, त्यांचे नाव आले आहे 'कॅटेचू' या शब्दावरून, आणि कॅटेचू म्हणजे आपला काथ. जगभरच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकांत काथाचे नाव असे जाऊन बसले आहे. तो पाडणाऱ्यांचे मात्र कोणाच्या ध्यानीही नाही.

पण वाचकहो, बशी म्हणजे तोंड नव्हे. बशीत अर्क दिवसभर जंतूंपाशी बसून असतो. तोंडात चूळ भरली की अर्ध्या मिनिटात बाहेर. बशीतले जंतू उघड्यावर असतात. दातावरचे खळीच्या तटबंदीत, आणि तिथे त्यांना मारावयास कित्येक पट औषध लागते. म्हणून खरी परीक्षा माणसांच्या तोंडातच. तशीही झाली आहे. आपल्याकडच्या शाळकरी मुलांवर केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना त्रिफळ्याच्या पाण्याने चुळा भरावयास लावल्या, काहींना दंतवैद्य देतात त्या क्लोरहेक्सिडीनच्या, काहींना नुसत्या पाण्याच्या. कीटण आणि हिरड्यांची सूज कमी करण्यात त्रिफळा क्लोरहेक्सिडीनच्या बरोबरीने उतरला. क्लोरहेक्सिडीन फार दिवस वापरले तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते, हे लक्षात घेतले म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या हिरड्याची किंमत कळते. अरबांच्या मिस्वाक नावाच्या दातणाचा वापर जिथे चालत आला आहे तिथे तो चालू ठेवावा, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही १९८० च्या दशकात सांगितले आहे.

एक गोष्ट मात्र झाडपाला करू शकत नाही. आम्लाने झिजलेल्या दाताच्या वेष्टणाला पुन्हा कणखर करण्याचे काम फ्लुओराइडचे आहे, आणि म्हणून फ्लुओराइडयुक्त टूथपेस्ट २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत दाखल झाली. दातण करावे, पण घरात मुले असतील तर पेस्टला रजा देऊ नये.

दवाखाना तिसऱ्या दिवशी उघडला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हात हलका होता. कीड दाताच्या नसेपर्यंत पोचली नव्हती. साफ करून सिमेंट भरले आणि काम भागले. मी पैसे काढीत होतो, इतक्यात आत्या कौतुकाने म्हणाली, "मी तर म्हणत होते, जरा मशेरी लावून बघू. मला बघा, पन्नास वर्षांत दात दुखल्याचे माहीत नाही."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा एकदम बदलला. "आजी, तुम्ही बसा बरं खुर्चीत."

आता मला सांगावयास संकोच वाटतो, पण सांगतो. आमच्या घरात तंबाखूला थारा नाही असे मी चारचौघांत छातीठोकपणे सांगत आलो होतो. विडी नाही, पान नाही, तपकीरसुद्धा नाही. आणि तरी लहानपणापासून आत्याकडे जो वास मला घरचा वाटत आला, तो तव्यावर भाजल्या जाणाऱ्या तंबाखूचा होता. कोणी मशेरी म्हणतात, कोणी मिश्री. तंबाखूची पाने काळी होईपर्यंत भाजावयाची, कुटावयाची, डबीत भरावयाची आणि बोटाने दातांना व हिरड्यांना लावावयाची. सकाळी दात घासण्यासाठी म्हणून आरंभ होतो. मग दुपारी जेवणानंतर, मग चार वाजता, मग रात्री. आत्या त्याला व्यसन म्हणत नसे, दंतमंजन म्हणे. आम्हीही तसेच म्हणत आलो. दात दुखत नसत, कारण तंबाखू हिरडी बधिर करीत होती.

खालच्या ओठाच्या आत, जिथे आत्याचे बोट पन्नास वर्षे टेकत होते, तिथे नखाएवढा पांढरा डाग होता. डॉक्टरीणबाईंनी कापसाने पुसून पाहिला. पुसला गेला नाही.

"किती दिवस आहे?"

"कोण जाणे. दुखत नाही."

"दुखत नाही म्हणूनच भीती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पुण्याला नेऊन त्या डागाचा तुकडा तपासावयास दिला. अहवाल येईपर्यंतचे ते आठ दिवस आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. आणि त्या आठ दिवसांत मला कळले की, ही गोष्ट आपल्याच जिल्ह्यात कधीची तपासून ठेवलेली आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. फली मेहता, प्रकाश गुप्ता आणि त्यांचे सहकारी, सोबत डेन्मार्कचे पिंडबोर्ग, यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांतून घरोघर हिंडून १,०१,७६१ माणसांची तोंडे तपासली होती. तो अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. एक लाखाहून अधिक तोंडे, दिव्याच्या उजेडात, एकेक करून! तोंडाचा कर्करोग आणि त्याच्या आधी येणारे पांढरे डाग यांचे तंबाखूशी असलेले नाते अशा कामांतून स्पष्ट झाले. मग याच परंपरेतल्या संशोधकांनी केरळ, आंध्र आणि गुजरातेतल्या ३६,००० तंबाखू वापरणाऱ्यांना घरी जाऊन, समजावून, तंबाखू सोडविण्याचा प्रयत्न केला. १९८६ मध्ये त्यांनी कळविले की जिथे लोकांनी तंबाखू सोडली किंवा कमी केली, तिथे नवे पांढरे डाग उमटणेही कमी झाले. भयाच्या या सगळ्या कथेत मला सर्वांत मोठा दिलासा वाटला तो या एका वाक्याचा.

सरकारनेही १९९२ मध्ये टूथपेस्ट आणि दंतमंजनांत तंबाखू घालण्यास बंदी केली. पण घरच्या तव्यावर कोणता कायदा जाऊन बसणार? आणि बाजारात बसलेल्या त्या कातकरी मावशी हसल्या तेव्हा त्यांचेही दात काळे दिसले होते. ज्यांच्या पूर्वजांनी काथ पाडला त्यांच्या तोंडी आता विकतची तंबाखू आहे. आत्या शिकलेली, मावशी न शिकलेल्या; डबी दोघींची एकच.

झाडपाल्याचे आहे म्हणून निर्धोक आहे, हा आपल्या घरोघरचा समज. कडुनिंब झाड आहे, खैर झाड आहे, तसे तंबाखूही झाडच आहे. सुपारीही झाडाचीच, आणि ती एकटीसुद्धा कर्करोग करू शकते असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये दिला आहे. काथाचीही विड्यात गाठ सुपारीशी आणि तंबाखूशी पडते. तेव्हा दाताला काय लावावे हे विचारण्याआधी ते कशाचे आहे, त्याने नेमके काय होते आणि ते कोणी तपासले आहे, हे विचारावे. आत्याचे दात दुखत नव्हते हे तिच्या मशेरीचे प्रमाणपत्र नव्हते.

आठव्या दिवशी अहवाल आला. कर्करोग नव्हता. पेशींत थोडा बदल होता. मशेरी चालू राहिली असती तर पुढे काय झाले असते, ते डॉक्टरांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. सौ. म्हणाली, "आत्याबाई, डबी माझ्याकडे द्या." आत्याने दिली. पहिला महिना फार वाईट गेला. डोके दुखे, झोप येत नसे, चिडचिड होई. एकदा तिने शेजारणीकडून चिमूटभर मागून घेतलीही, आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला फोन करून स्वतःच सांगितले. डॉक्टरांनी औषध बदलून दिले, तंबाखू सोडणाऱ्यांसाठी असलेल्या सरकारच्या १८००-११-२३५६ या मोफत दूरध्वनीवरही ती बोलली. हाताला सवय बोट फिरविण्याची, म्हणून सकाळी पेस्ट आणि रात्री त्रिफळ्याच्या पाण्याच्या चुळा असा नेम तिने लावून घेतला. सहा महिन्यांनी डाग निम्म्याने लहान झाला. अजून दर तीन महिन्यांनी दाखवावा लागतो.

वाचकांसाठी चार गोष्टी सांगून आवरते घेतो. रात्री झोपण्यापूर्वी दात घासणे हे सकाळच्या घासण्याहून महत्त्वाचे, कारण झोपेत लाळ कमी होते आणि जंतूंना रान मोकळे मिळते. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे सहाव्या वर्षापर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. राखुंडी, कोळसा, विटेची पूड, मीठ यांनी दात घासू नयेत; ते स्वच्छ दिसतात ते झिजल्यामुळे. दातण चावून मऊ करूनच वापरावे आणि हिरडीवर आडवे रगडू नये. गोड खावयाचे ते जेवणाबरोबर खावे, दिवसभर तोंडात घोळवू नये. आणि महिन्यातून एकदा घरातल्या प्रत्येकाने उजेडात आरशासमोर उभे राहून ओठ उलटून, गाल ताणून, जीभ वर करून पाहावे. न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल डाग, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तीन बोटे उभी मावणार नाहीत इतके आखडलेले तोंड, यांपैकी काही दिसले तर दुखण्याची वाट पाहू नये. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे तोंड कोणी पाहतच नाही. या दिवाळीत त्यांना नमस्कार करताना तेवढे एक विचारावे.

आम्ही यंदाही लोणावळ्यास चाललो आहोत. चिरंजिवांशी करार झाला आहे : चिक्की जेवणानंतर, एक तुकडा, मागून खळखळून चूळ. आत्याचा परवाच फोन आला होता. शेजारच्या घरी तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास आला की ती अजून खिडकी लावून घेते, असे म्हणाली. मग म्हणाली, "येताना कारीट घेऊन ये रे. इथे मिळाले नाही. यंदा पहिले मी फोडणार."